शितावरून भात

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक मुलगी तासभर उभी होती. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, हातात टॅब. सरकारी पाहणीसाठी आली होती. यादीत आमच्या इमारतीतली तीन घरं निघाली होती आणि वॉचमन तिला आत सोडत नव्हता. इंटरकॉमवरून विचारणा झाली. पहिल्या घरानं ‘आत्ता पाहुणे आहेत’ म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं ‘आम्हाला काही घ्यायचं नाही’ म्हणत फोन ठेवला. तिसरे माझे शेजारी. त्यांनी ‘बाजूच्यांना विचारा, त्यांना वेळ असतो’ असा तोडगा काढला. ते बाजूचे म्हणजे मी. निवृत्त माणसाला वेळ असतो, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे.

मी खाली गेलो आणि मोठ्या उदारपणे म्हणालो, ‘‘चला, माझी माहिती घ्या.’’

ती हसून म्हणाली, ‘‘नाही काका. यादीत तुमचं घर नाही. तुम्ही नाही चालणार.’’

या वयात ‘तुम्ही नाही चालणार’ हे ऐकून वाईट वाटायला हवं. मला मात्र त्या मुलीचं कौतुक वाटलं. कारण १९८९ साली मी तिच्या जागी उभा होतो आणि मला बाजूचं घर चाललं होतं. त्याची बोच अजून गेलेली नाही.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. संख्याशास्त्राचा पहिला धडा आपल्या आज्यांनी चुलीपुढे बसून सांगून ठेवला आहे. सगळा भात चाखायची गरज नसते, एक शीत चिमटीत दाबलं की कळतं. पण म्हणीत न आलेली एक गोष्टही त्यांना ठाऊक होती. शीत वरचंच घेऊन भागत नाही. वर कच्चा आणि तळाला लागलेला, असाही भात असतो. आमटीचं मीठ पाहायचं तर आधी पळी तळापर्यंत फिरवावी लागते. एकदा ती नीट फिरवली, की आमटी चार माणसांची असो की लग्नाच्या पंगतीची, चाखायला तळहातावरचा एक थेंब पुरतो.

पाहणीचंही असंच आहे. नीट निवडलेली हजार माणसं घेतली, तर टक्केवारीत चूक येते ती साधारण तीनच्या आसपास. मग ती माणसं एका तालुक्यातून निवडलेली असोत की सबंध देशातून. लोकांना हे पटत नाही. ‘आम्हाला तर कोणीच विचारलं नाही’ हा निवडणुकीच्या अंदाजांवरचा आपला ठरलेला आक्षेप असतो. पण गोम किती जणांना विचारलं यात नाही. ती ‘नीट निवडलेली’ या दोन शब्दांत आहे. नीट म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेली. विचारणाऱ्याच्या सोयीनं नाही आणि उत्तर देणाऱ्याच्या हौसेनंही नाही.

याचा सर्वांत प्रसिद्ध फजितवाडा अमेरिकेत १९३६ साली झाला. अध्यक्षपदासाठी रूझवेल्ट आणि लँडन यांच्यात लढत होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या नियतकालिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांहून अधिक उत्तरं आली आणि लँडन निवडून येणार असं भाकीत झालं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं घेतली होती ती मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्याकडे फोन नव्हता, मोटार नव्हती, तो गरीब माणूस त्या याद्यांत फारसा नव्हताच. शिवाय उत्तर धाडण्याची तसदी सगळेच घेत नाहीत. ज्यांना राग आलेला असतो, ते जास्त घेतात. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी माणसांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता. शितं ढीगभर होती, पण सगळी वरचीच होती.

माझी गोष्ट याहून फार लहान आहे. एका गावाएवढी.

एप्रिल १९८९ पासून देशभरच्या ग्रामीण बँकिंगमध्ये ‘सर्व्हिस एरिया’ पद्धत सुरू झाली. प्रत्येक शाखेला साधारण पंधरा ते पंचवीस गावं नेमून द्यायची, त्या शाखेनं गावोगाव पाहणी करायची आणि कोणाला कशासाठी किती कर्ज लागेल याचा आराखडा करायचा. कल्पना उत्तम होती. मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका शाखेत शेती कर्जाचं काम पाहणारा अधिकारी होतो, तिशीचा. छापील फॉर्मांचा गठ्ठा घेऊन जानेवारीत मी मोटरसायकलवरून एका गावात गेलो. मागच्या सीटवर आमचे शिपाई होते. ते त्याच भागातले, वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे.

वरच्या आळीत काम भराभर झालं. चहा झाला, सातबारे निघाले, विहीर, मोटर, सोसायटीचं कर्ज, सगळी नोंद झाली. खालच्या अंगाला वस्तीवर गेलो, तर दारांना कुलपं. ओळीनं कुलपं. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसली होती.

शिपाई म्हणाले, ‘‘साहेब, टोळी गेलीय. दसरा झाला की जातात. आता पाडव्याच्या सुमाराला येतील.’’

ऊसतोडीला गेलेली माणसं होती ती. कोयत्यावर गेलेली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे मोजमाप मला तिथंच पहिल्यांदा कळलं. माझ्या फॉर्मवर मात्र ठरावीक संख्येची घरं भरायची होती आणि महिनाअखेरीला आराखडा पाठवायचा होता. मी जे केलं ते शंभरातल्या नव्वद जणांनी केलं असतं. बंद घरं सोडली आणि उघडी घरं घेतली. संख्या पुरी झाली. आराखड्यात मी लिहिलं, ‘गावात बिगरसंस्थात्मक कर्जाचं प्रमाण अल्प आहे.’ खाली सही केली.

मे महिन्यात दुसऱ्या कामासाठी त्याच गावात गेलो, तेव्हा कुलपं निघालेली होती. एका घरापुढे पस्तिशीची एक बाई ज्वारी पाखडत होती. मी सहज विचारलं, ‘‘ताई, जानेवारीत आलो होतो, तुमचं घर बंद होतं.’’

‘‘तवा आम्ही फडावर असतोत, साहेब.’’

‘‘कर्ज वगैरे आहे का काही?’’

‘‘नाही. आम्हाला कोण कर्ज देतंय?’’

मी मनातल्या मनात शून्य लिहिलं. तेवढ्यात शिपाई माझ्या कानाशी वाकून म्हणाले, ‘‘साहेब, उचल विचारा.’’

‘‘उचल किती आहे?’’

ती बाई सूप खाली न ठेवता एका दमात म्हणाली, ‘‘चार हजार घेतली होती मुकादमाकडून. दीड हजार अजून अंगावर आहे. दुकानाची उधारी वेगळी. दिराकडून हातउसने पाचशे.’’

तीन प्रकारची देणी, आणि माझ्या प्रश्नाचं तिचं उत्तर होतं ‘नाही’. ती खोटं बोलली नव्हती. कर्ज म्हणजे बँकेचं, सोसायटीचं, सातबारा दाखवून मिळतं ते. तिच्याकडे सातबाराच नव्हता, म्हणून कर्जही नव्हतं. होती ती उचल. माझा प्रश्न शुद्ध मराठीत होता, पण तिच्या मराठीत नव्हता.

परत आल्यावर मी वरच्या कार्यालयाला दुरुस्तीचं पत्र धाडलं. आराखडा मंजूर झालेला होता. ‘पुढील वर्षी विचार करावा’ असा शेरा आला आणि पुढच्या वर्षी माझी बदली झाली. त्या गावाच्या वाट्याला विहिरींची, मोटारींची आणि पीककर्जाची तरतूद आली, ती योग्यच होती. पण मुकादमाच्या दारात उभं राहण्याऐवजी दोन शेळ्यांसाठी बँकेत यावं, असं ज्या घरांना वाटलं असतं, त्यांच्यासाठी आराखड्यात ओळच नव्हती. ती ओळ मी गाळली होती, कोणा बेरकी माणसानं नव्हे.

पुढे वाचनात आलं, की हा प्रश्न आपल्या थोरांनी माझ्या जन्माआधीच सोडवून ठेवला होता. रिझर्व्ह बँकेनं १९५१-५२ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. संचालन समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि सदस्यांत आपले धनंजयराव गाडगीळ होते. देशातले ७५ जिल्हे, त्यांतली ६०० गावं आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबं. संगणक नव्हते, बहुतेक गावांना रस्तेही नव्हते. या पाहणीतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे कर्जाची विभागणी. सरकार, सहकारी संस्था, व्यापारी बँका, नातेवाईक, जमीनदार, शेतकरी सावकार, धंदेवाईक सावकार, व्यापारी आणि अडते, आणि इतर, असे वेगवेगळे रकाने होते. एकेक नाव घेऊन विचारलं, की झाकलेलं बाहेर येतं.

आणि काय बाहेर आलं! शेतकरी वर्षभरात जे कर्ज घेत होता, त्यातलं सरकारकडून ३.३ टक्के, सहकारी संस्थांकडून ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांकडून ०.९ टक्के. तिन्ही मिळून जेमतेम सात. दोन्ही प्रकारच्या सावकारांकडून मात्र सत्तरच्या आसपास. सहकाराची चळवळ पन्नास वर्षांची झालेली असताना ही तिची कमाई होती. १९५४ साली अहवाल आला आणि तो कपाटात गेला नाही. त्याच्या शिफारशीतून इम्पीरियल बँकेचं राष्ट्रीयीकरण होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया जन्माला आली. तालुक्याच्या गावी बँकेची पाटी दिसू लागली, त्यामागे सहाशे गावांतल्या ओट्यांवर बसून विचारलेले प्रश्न होते. गाडगीळ हे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. सहकारी कारखाने पुढे वाढत गेले, ऊस वाढला आणि तो तोडणारी टोळीही. माझ्या गावातली कुलपं ही त्याच इतिहासाची पुढची पानं होती.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं, याचं याहून मोठं उदाहरण साऱ्या देशानं पाहिलं आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट पहिल्या फेरीपासून त्यात होती. पुण्यात तयार झालेल्या प्रश्नावल्यांवरचा वि. म. दांडेकरांचा अहवाल १९५३ सालचा आहे. या पाहणीत घरखर्च विचारताना ‘गेल्या तीस दिवसांत’ असं विचारण्याची रीत पडली. १९९० च्या दशकात तज्ज्ञांना शंका आली, की महिन्याभरातला भाजीपाला कोणाच्या लक्षात राहतो? म्हणून काही घरांना खाण्याच्या जिनसांबद्दल ‘गेल्या सात दिवसांत’ असं विचारून पाहिलं. सात दिवसांचा हिशेब लोकांना जास्त आठवला, म्हणून खर्च जास्त निघाला, आणि म्हणून गरिबांची संख्या कागदावर जवळजवळ निम्म्यावर आली. त्याच देशात, त्याच वर्षी. कोणाच्या ताटात एक चपाती वाढली नव्हती. फक्त प्रश्नातले तीस दिवस सात झाले होते.

पुढे १९९९-२००० च्या फेरीत तीस आणि सात, दोन्ही प्रश्न एकाच घरात शेजारीशेजारी विचारले गेले. माणूस एक उत्तर देऊन दुसरं त्याच्याशी जुळवून घेतो, हा मनुष्यस्वभाव. १९९३-९४ साली ३६ टक्के असलेली गरिबी २६ टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं, आणि त्यातली खरी घट किती, प्रश्नाची किमया किती, यावर अर्थशास्त्रज्ञ कित्येक वर्षं भांडत राहिले. पुढे नोबेल मिळालेले अँगस डीटनही त्यांच्यात होते. २०२२-२३ च्या खर्चपाहणीत आता एकाच घरी तीन वेळा जाऊन खाण्याचे, नेहमीच्या खर्चाचे आणि टिकाऊ वस्तूंचे प्रश्न वेगवेगळे विचारले गेले. कंटाळलेला माणूस ‘नाही नाही’ म्हणत सुटतो, हे उशिरा का होईना कळलं.

मोजमापाची काठीसुद्धा फसवते. साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे जगाने मानलेले संख्याशास्त्रज्ञ. पिकाचा अंदाज नजरेनं करण्याऐवजी शेतात चौकट आखून तेवढंच पीक कापून तोलावं, ही पद्धत आपल्याकडे रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. चौकट फार लहान घेतली तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी प्रयोगानं दाखवलं. कारण साधं आहे. काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. लबाडी नसते, हात तसा वळतो. चौकट लहान तर काठ जास्त, काठ जास्त तर चूक जास्त. आजही पीकविम्याच्या हिशेबात कापणी प्रयोग असतो. चौकटीतली चूक थेट शेतकऱ्याच्या खात्यात उतरते.

प्रश्न विचारताना शेजारी कोण उभं आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. १९९२-९३ पासून होत आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना प्रश्न विचारायला बायकाच जातात. घरातल्या मारहाणीबद्दलचे प्रश्न एका घरात एकाच बाईला आणि पूर्ण एकांत मिळाला तरच विचारायचे असा नियम आहे. दारात सासू किंवा नवरा असेल तर ‘नवरा मारतो का?’ याचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते लिहून घेण्यात काही अर्थ नाही. मला तर वाटतं, आमच्या त्या फॉर्मवर ‘उत्तर देताना जवळ कोण होतं’ असा एक रकाना हवा होता. वरच्या आळीत कित्येकांनी सावकाराच्या ओट्यावर बसूनच ‘सावकाराचं देणं नाही’ म्हणून सांगितलं असेल.

हे सारं आपल्याला काय करायचं, असं कोणी म्हणेल. माझंच सांगतो. माझ्या निवृत्तिवेतनातला महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. त्या निर्देशांकात तेलाला किती वजन, घरभाड्याला किती, हे कामगार कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीवरून येतं. म्हणजे कुठल्याशा गावी एका गिरणी कामगाराच्या बायकोनं चुलीपुढे उभं राहून दिलेलं उत्तर दर सहामाहीला माझ्या पासबुकात उमटतं. तिनं कंटाळून दार लावलं असतं तर? अन्नसुरक्षा कायद्याखाली कोणत्या राज्यातल्या किती लोकांना स्वस्त धान्य मिळायचं, ते २०११-१२ च्या खर्चपाहणीवरून आणि २०११ च्या जनगणनेवरून ठरलं. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी माणसं आली. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही, आणि त्यानंतर जन्मलेल्यांची, शहरात आलेल्यांची नावं जुन्या यादीत सापडायची कशी? यादीच शिळी असेल तर चिठ्ठी कितीही प्रामाणिकपणे टाका, नवी वस्ती निघणार नाही.

तेव्हा कुलपं गरिबांच्या घरांना होती. आज ती आमच्या घरांना आहेत. फाटक, वॉचमन, इंटरकॉम, दाराच्या भिंगातून पाहणं. झोपडवस्तीत पाहणी करणाऱ्याला पाणी मिळतं, बसायला पाट मिळतो. उंच इमारतीत त्याला लिफ्टपर्यंत जाता येत नाही. आकड्यांत मग वरचं शीत कमी पडतं, आणि देशात विषमता किती याचं उत्तर खऱ्याहून सौम्य निघतं. आपण पुरवणी वाचताना ‘सरकारी आकडे, त्यांचं काय खरं!’ म्हणून मान हलवतो. पण ते आकडे खोटे ठरवण्यात आपल्या बंद दाराचाही हात असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

त्या मुलीला मी विचारलं होतं, ‘‘त्यांनी नाहीच म्हटलं तर?’’

‘‘मी उद्या येईन. परवा येईन. तरी नाहीच म्हणाले, तर दुसरं घरही नियमानंच मिळतं, काका. मी निवडायचं नसतं.’’

मी शेजाऱ्यांचं दार वाजवलं. जुनी ओळख, पत्त्यांतले भिडू. ‘‘पोरगी तास झाला उन्हात उभी आहे,’’ एवढंच म्हणालो. त्यांनी थोडं कुरकुरत तिला आत घेतलं आणि मलाही बसवून घेतलं. पाणी झालं, चहा झाला. घरात माणसं किती, कोण काय करतं, इथपर्यंत ते खणखणीत बोलत होते. महिन्याला तेल किती लागतं म्हटल्यावर त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून ‘‘अगं, ऐकलंस का?’’ अशी हाक मारली. वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि पुढची सगळी उत्तरं त्यांनीच दिली.

मग मुलीनं टॅबवर एक पान सरकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘काका, राग मानू नका. पुढचे प्रश्न यांना एकट्यांना विचारायचे आहेत.’’

मी उठलो. मला हे १९८९ साली कोणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं. बाहेर चपला घालत असताना आतून तिचा आवाज आला, ‘‘कर्ज आहे का काही?’’

‘‘छे, छे! अजिबात नाही,’’ शेजारी म्हणाले.

‘‘बरं. हप्त्यावर घेतलेलं काही? क्रेडिट कार्डाची बाकी? सोनं ठेवून काही काढलंय?’’

आत क्षणभर कोणीच बोललं नाही. मग शेजारी स्वतः उठून आले, माझ्याकडे पाहून कसनुसं हसले आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.